परत आलेला नारळ

आई इस्पितळातून घरी आली त्या आठवड्यातली गोष्ट. तिने मला वरच्या मजल्यावर पाठवलं. हातात नारळ, त्याच्याखाली घडी घातलेला हिरवा खण, आणि तोंडी एक वाक्य, जे तिने माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतलं होतं. "आईने सांगितलंय, तुमचे फार उपकार झाले." मी नऊ वर्षांचा होतो. जिना चढताना वाक्य घोकत होतो. मावशींनी ते नीट ऐकून घेतलं, माझ्या डोक्यावरून हात फिरवला, एक केळं दिलं, आणि नारळ नि खण तसेच माझ्या हातात परत ठेवले.

"आईला म्हणावं, नारळ घेऊन तूच ये. बरं वाटलं की ये. घाई नाही."

आई दिवसभर अस्वस्थ होती. आपल्याकडे नारळ परत येणं म्हणजे काय ते सांगायला नको. मावशी दुखावल्या का, बोलण्यात काही कमी-जास्त झालं का, मुलाने काही भलतंच सांगितलं का, असं तिने मला चार वेळा विचारलं. १९८३ सालचा पावसाळा होता. विषमज्वराने आई अंथरुणाला खिळली, वडील नोकरी आणि इस्पितळ यांच्यामध्ये धावत राहिले, आणि माझी रवानगी मावशींकडे झाली होती. जेवायला, झोपायला, शाळेला डबा न्यायला, सगळ्यालाच. मावशी नात्याच्या नव्हत्या. ठाण्यात टेंभी नाक्यापासून जवळच आमची दोन मजली इमारत होती. आम्ही खाली, त्या वर.

त्या बेने इस्रायल. कोकणात शतकानुशतकं राहिलेले, घरात मराठीच बोलणारे यहुदी. त्यांचे पूर्वज अलिबाग-पेणच्या पट्ट्यात तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावाने त्यांना 'शनवार तेली' नाव दिलं. आडनावं गावांवरून, 'कर' लावलेली. मावशी नऊवारी नेसत नसत, पण त्यांच्या सासूबाई नेसत. दाराच्या चौकटीवर तिरकी लावलेली एक छोटी डबी होती, मझुझा. येता-जाता तिला बोट लावून ते बोट ओठांना लावायचं. शुक्रवारी दिवेलागणीच्या आधी काचेच्या पेल्यात तेलावर वात तरंगायची, आणि मग दुसऱ्या दिवशी चांदण्या दिसेपर्यंत त्या घरात विस्तव पेटायचा नाही.

पण माझ्या लक्षात राहिलं ते पुटपुटणं. त्या घरात काहीही तोंडात जाण्याआधी ओठ हलायचे. चपाती मोडताना एक वाक्य, केळं सोलताना दुसरं, पेरू चिरताना तिसरं. मोसमातलं पहिलं सीताफळ आलं की ते नुसतं खायचं नाही. ज्याने आम्हाला जिवंत ठेवलं, सांभाळलं आणि या वेळेपर्यंत आणून पोहोचवलं, त्याचं नाव आधी. 'शेहेहियानू' हा त्या प्रार्थनेतला शब्द. मला तेव्हा एवढंच कळत होतं की सीताफळ समोर आहे आणि थांबायचं आहे. तालमूद, म्हणजे यहुदी धर्मशास्त्राचा मोठा ग्रंथ, म्हणतो की आशीर्वचन न म्हणता या जगातल्या कशाचाही उपभोग घेणं म्हणजे देवाची राखीव वस्तू परस्पर वापरण्यासारखं आहे. दिवसाला अशी शंभर आशीर्वचनं माणसाने म्हणावीत, असं रब्बी मेईर या जुन्या धर्मगुरूंचं सांगणं. शंभर! हिशेब केला तर जागेपणी दर दहा मिनिटांना एक पडतं.

त्यातलं एक तर न्हाणीघराच्या दाराशी. काका, म्हणजे मावशींचे यजमान, संडासातून आले की हात धुवायचे आणि दाराबाहेर उभं राहून काहीतरी म्हणायचे. आम्हा पोरांना त्याचं फार नवल वाटे. ते काय म्हणतात ते मी पुढे तिशी उलटल्यावर वाचलं. देवा, तू माणसाला शहाणपणाने घडवलंस, त्याच्यात छिद्रं आणि पोकळ्या निर्माण केल्यास, त्यातलं एक जरी उघडलं किंवा एक जरी बंद झालं तरी तुझ्यासमोर उभं राहणं शक्य होणार नाही, असा त्याचा मथितार्थ आहे. ज्या वर्षी वाचलं त्याच वर्षी माझ्या वडिलांचं ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी डॉक्टर, नर्स, आत्या, सगळे एकच प्रश्न विचारत होते: लघवी झाली का? संध्याकाळी झाली. आम्ही पाच मोठी माणसं व्हरांड्यात एकमेकांचे हात धरून उभे होतो. तेव्हा काकांचे हलणारे ओठ आठवले. एरवी ज्या गोष्टीचं नावसुद्धा चारचौघांत आपण घेत नाही तिथे त्या लोकांनी दीड हजार वर्षांहून आधी आभाराचं वाक्य नेऊन ठेवलं होतं.

सकाळी डोळा उघडला की अंथरुणातच म्हणायचं वाक्य आहे, 'मोदे आनी'. बाईने म्हणताना 'मोदा आनी'. माझा जीव तू मला परत दिलास, म्हणून मी तुझे आभार मानतो. हात धुण्याआधी म्हणता यावं म्हणून त्यात देवाचं नावसुद्धा घातलेलं नाही. सोळाव्या शतकात गालीलमधल्या सफेद नावाच्या गावचे रब्बी मोशे बेन माखीर यांच्या ग्रंथात ते पहिल्यांदा दिसतं. मला त्यातल्या शब्दांच्या क्रमाचं अप्रूप वाटतं. 'आनी' म्हणजे मी. तो दुसरा येतो. आधी आभार, मग मी.

आता 'मोदे' हा शब्द. ज्या धातूपासून तो आला त्याचे हिब्रूत दोन अर्थ आहेत: आभार मानणे आणि कबूल करणे. तालमूदच्या कायद्यात एक सूत्र आहे, की पक्षकाराची स्वतःची कबुली शंभर साक्षीदारांच्या तोडीची. तिथे कबुलीसाठी जो शब्द आहे, 'होदाआ', तोच आभारालाही. ज्याचं देणं लागतो त्याच्यासमोर उभं राहून "होय, मी तुझं देणं लागतो" असं म्हणणं, हे दोन्हीकडे सारखंच.

हे वाचलं त्या दिवशी मी आपल्या भाषेकडे नव्याने पाहिलं. इतकी वर्षं बोलतोय, पण लक्षात आलं नव्हतं. आपणही आभार देत नाही. आपण आभार मानतो. उपकार मानतो. मानणं म्हणजे मान्य करणं. धन्यवाद देता येतात, हातातला खाऊ द्यावा तसे ते देऊन मोकळं होता येतं. आभाराचं तसं नाही, ते मान्यच करावे लागतात. आणि मान्य करणं जड जातं, म्हणूनच बहुधा घरातल्या माणसांपाशी आपण ते टाळतो. "घरच्यांचे कसले आभार?" हे वाक्य मी आयुष्यभर ऐकलं, स्वतः वापरलं, आणि आई गेल्यावर त्या वाक्याचा मला फार राग आला.

यहुदी या नावातच तो धातू आहे. बायबलमधल्या उत्पत्तीच्या पुस्तकात याकोबाच्या दोन बायका, राहेल आवडती आणि लेआ नावडती. नावडतीचं मीठ अळणी हे आपल्याला कुणी शिकवायला नको. लेआला पहिला मुलगा झाला, तिने नाव ठेवलं रऊबेन, आता तरी नवरा माझ्यावर प्रेम करील. दुसरा शिमोन, मी नावडती आहे हे देवाने ऐकलं. तिसरा लेवी, आता तरी नवरा माझ्याशी जोडला जाईल. तीन मुलं, तीन नावं, आणि तिन्ही नावांत नवऱ्याच्या वाटेकडे लागलेले डोळे. चौथा झाला तेव्हा ती म्हणाली, 'हापाआम ओदे', या वेळी मी परमेश्वराचे आभार मानीन. आणि नाव ठेवलं यहुदा. त्याच्यावरून पुढे यहुदी.

याकोबाचं मन पालटलं असं ग्रंथ कुठेही म्हणत नाही. घरात काहीच बदललेलं नाही. बदललं ते तिचं बघणं. रब्बी योहानान यांनी रब्बी शिमोन बार योहाय यांच्या नावे सांगितलेलं एक वचन तालमूदमध्ये आहे, की जग निर्माण झाल्यापासून देवाचे आभार कुणी मानले नव्हते, ते पहिल्यांदा लेआने मानले. नोहा तारवातून उतरला आणि त्याने वेदी बांधली, अब्राहामानेही बांधल्या. तरी आभाराचा पहिला मान रब्बींनी एका नावडत्या बाईला दिला. राशी या थोर भाष्यकाराचं म्हणणं असं, की याकोबाला दोन बायका आणि त्यांच्या दोन दासी अशा चौघींपासून बारा मुलगे होणार हे त्यांना ठाऊक होतं, म्हणजे वाट्याला तीन-तीन. चौथा झाला तेव्हा लेआला कळलं की आपल्याला आपल्या वाट्यापेक्षा जास्त मिळालं. हे स्पष्टीकरण चोख आहे, पण मला पहिलं चित्रच जास्त जवळचं वाटतं. तीन बाळंतपणं दुसऱ्याच्या प्रेमाची वाट पाहण्यात गेलेली बाई, आणि चौथ्या वेळी तिने मांडीवरच्या लेकराकडे पाहिलं.

मावशींच्या घरी त्या पावसाळ्यात मलिदा झाला. आई घरी आल्यानंतर लगेचच, नारळ परत येण्याच्या तीन-चार दिवस आधी. भिजवलेल्या पोह्यांत गूळ, ओलं खोबरं, वेलची, सुकामेवा कालवून मोठ्या ताटात रास घातली, तिच्यावर आणि भोवती फळं मांडली, गुलाबाची फुलं ठेवली. टोप्या घातलेले पुरुष जमले, दहाच्या वर. हिब्रूतून म्हणणं झालं, एलियाहू हन्नबीचं, म्हणजे संदेष्टा एलियाचं, गाणं झालं. बेने इस्रायलांचा एलियाहू हन्नबीवर फार जीव. अलिबागजवळच्या खंडाळ्याला एका कातळावर ज्या खुणा आहेत त्या त्याच्या रथाच्या, अशी त्यांची श्रद्धा. नवस बोलला की त्याच्या नावाने मलिदा करून फेडायचा. लग्नात करायचा, मूल झाल्यावर करायचा, आजारातून माणूस उठलं की करायचा. त्या दिवशी मी दोन वाट्या खाल्ल्या. तो मलिदा माझ्या आईसाठी बोललेला होता हे मला कुणी सांगितलं नाही. ते आईलाच कितीतरी दिवसांनी कळलं.

लेवीयाच्या पुस्तकात उपकारस्मरणाचं अर्पण आहे, 'तोदा'. आज इस्रायलमध्ये बसमध्ये, दुकानात, पावलोपावली लोक हाच शब्द आभारासाठी वापरतात. त्या अर्पणाची अट अशी, की मांस त्याच दिवशी खाऊन संपवायचं, सकाळपर्यंत काही उरवायचं नाही. मिश्ना, म्हणजे तालमूदचा पाया असलेला जुना नियमसंग्रह, सांगतो की त्याबरोबर भाकऱ्या असत चाळीस. त्यातल्या चार याजकाच्या. उरलेल्या छत्तीस भाकऱ्या आणि जनावराचं मांस एका माणसाने एका दिवसात कसं संपवायचं? नाहीच संपत. मग शेजारी बोलवा, भाऊबंद बोलवा, वाटेवरचा बोलवा, आणि ते खाता खाता विचारतील की काय झालं होतं, तेव्हा सांगा. मला मावशींचं ते ताट आठवतं आणि वाटतं, हेच ते. यरुशलेमचं मंदिर पडून दोन हजार वर्षं होत आली, वेदी राहिली नाही, पण आभार एकट्याने खायचे नसतात एवढं त्या लोकांनी पोह्यांच्या राशीतून जपलं.

चार जणांनी तर दहा माणसांसमोर उभं राहून आभार मानलेच पाहिजेत, असं तालमूद सांगतो: समुद्र ओलांडून आलेला, वाळवंट पार केलेला, आजारातून उठलेला आणि कैदेतून सुटलेला. १०७ व्या स्तोत्रातून ही यादी निघाली. त्या वेळी म्हणायच्या आशीर्वचनात देवाचं वर्णन आहे, की तो 'हय्यावीम'वर उपकार करतो. हय्याव म्हणजे दोषी, आणि देणं लागणाराही. पुन्हा तीच कबुली. ऐकणारे उत्तर देतात, ज्याने तुझं भलं केलं तो सदैव तुझं भलं करो.

मुंबईत मांडवीच्या गल्ल्यांत सॅम्युअल स्ट्रीटवर एक सिनेगॉग, म्हणजे यहुदी प्रार्थनामंदिर, आहे, शआर हारहमीम, दयेचं द्वार. १७९६ सालचं. मुंबईतलं पहिलं. बांधणारे सामाजी हसाजी दिवेकर, अर्थात सॅम्युअल इझिकेल दिवेकर, ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतले बेने इस्रायल अधिकारी. म्हैसूरच्या लढाईत ते टिपू सुलतानाच्या कैदेत सापडले. टिपूच्या आईने 'बेने इस्रायल' हे नाव ऐकून त्यांचा जीव वाचवायला सांगितलं, असं समाजात पिढ्यान् पिढ्या सांगत आले आहेत. सुटून आल्यावर त्यांनी नवस फेडला तो असा. दहा माणसांसमोर म्हणायचं वाक्य त्यांनी दगडविटांत म्हटलं, आणि पुढे येणाऱ्या प्रत्येक दहा जणांना उभं राहायला जागा करून दिली. बेने इस्रायल जुन्या बोलीत त्याला 'जुनी मशीद' म्हणत. मी एकदा मुद्दाम जाऊन पाहून आलो. बाहेर हातगाड्यांची गर्दी, आत एकदम शांत.

बायबलमधल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकात देवाला वाहायच्या पहिल्या फळांचं जे वर्णन आहे, आणि मिश्नाने त्याच्याभोवती जे बारकावे विणले आहेत, ते मी किती वेळा वाचलं असेन. शेतकरी आपल्या वाडीत उतरतो, त्याला पहिलं पिकू लागलेलं अंजीर दिसतं. तो त्याला लव्हाळ्याची काडी बांधतो आणि म्हणतो, हे पहिलं फळ. तोडत नाही, नुसती खूण करतो. मग गावोगावचे लोक एकत्र निघतात, पुढे बैल, त्याची शिंगं सोन्याने मढवलेली, माथ्यावर ऑलिव्हच्या पानांचा मुकुट, आणि यरुशलेमपर्यंत बासरी वाजत राहते. शहराच्या वेशीत शिरले की कारागीर हातातलं काम टाकून उभे राहतात, विचारतात, अमक्या गावच्या बंधूंनो, सुखरूप आलात ना? कारागिरांनी काम थांबवून उठून उभं राहावं, हे मला फार मोठं वाटतं. श्रीमंतांच्या टोपल्या सोन्या-चांदीच्या. गरिबांच्या सोललेल्या वाळुंजाच्या फोकांच्या.

मग टोपली खांद्यावर घेऊन शेतकऱ्याने याजकासमोर काही ओळी म्हणायच्या. त्यांतली कहाणी सुरू होते, माझा बाप भटका अरामी होता. पीक हातात आहे, जमीन स्वतःची आहे, आणि सुरुवात कुठून? आम्ही भटके होतो, मिसरात गुलाम होतो, ओरडलो, कुणीतरी ऐकलं. कबुली आधी, अंजीर मागून. पूर्वी ज्याला ओळी पाठ असत तो आपल्या आपण म्हणे, ज्याला येत नसत त्याला कुणीतरी सांगे आणि तो मागून म्हणे. पण न येणाऱ्यांना लाज वाटू लागली, त्यांनी यायचंच सोडलं. तेव्हा नियम केला की येणाऱ्यालाही सांगायचं आणि न येणाऱ्यालाही, म्हणजे कोण कोणत्यातला हे कळणार नाही. शब्द दुसऱ्याने पुरवले तरी चालतील, एवढी सवलत दिली. तोंड मात्र स्वतःचंच हवं.

आणि इथे मला नारळाचं कोडं सुटलं. सिनेगॉगमधल्या मुख्य प्रार्थनेत हझ्झान, म्हणजे प्रार्थना चालवणारा, सगळ्यांच्या वतीने प्रार्थना म्हणतो, लोक 'आमेन' म्हणतात. याचना असली, क्षमा असली, तरी हझ्झानच्या तोंडून चालतं. पण तो 'मोदीम' या आभाराच्या भागाला पोहोचला की सगळे वाकतात आणि प्रत्येक जण स्वतःच्या ओठांनी आभाराच्या वेगळ्या ओळी म्हणतो. स्पेनमधल्या सेविलचे रब्बी दावीद अबुदर्हाम यांनी चौदाव्या शतकात याचं कारण लिहून ठेवलं: धन्याला आपला मानण्याचं काम चाकराने दूताकरवी करायचं नसतं. मागणं दुसऱ्यातर्फे मागता येतं, आभार नाही मानता येत. मावशींनी अबुदर्हाम वाचले नव्हते. पण जन्मभर 'मोदीम'ला वाकलेली बाई ती, एका नऊ वर्षांच्या पोराच्या हाती आलेला नारळ तिला कसा घेता येईल?

एक शंका मला बरीच वर्षं होती. जे वाईट घडतं त्याचं काय? मिश्ना सांगतो, चांगल्याबद्दल जसं आशीर्वचन म्हणायचं तसं वाईटाबद्दलही. हे मला पटत नव्हतं. काका १९८९ मध्ये अचानक गेले तेव्हा मी त्या घरात होतो. मावशींच्या दिराने सदऱ्याचा गळा फाडला आणि तो म्हणाला, 'बारूख दयान हाएमेत', धन्य तो खरा न्यायाधीश. त्याचा अर्थ कळल्यावर माझी शंका थोडी निवळली. त्या वाक्यात 'बरं झालं' असं कुठेही नाही. दुःखाला कुणी गोड म्हणायला लावत नाही. कपडा फाडायचा, आणि फाटक्या कपड्यानिशी नातं मात्र तोडायचं नाही. यापुढे माझी अक्कल चालत नाही. पण आई गेली तेव्हा "देवाची मर्जी, चांगलंच झालं, सुटली" असं म्हणणाऱ्यांपेक्षा ते फाडणं मला जास्त खरं वाटलं.

आई वर गेली ती नारळ परत आल्यानंतर बारा-तेरा दिवसांनी. जिन्यात दोनदा बसली. मी नारळ घेऊन पाठीमागे. मावशी वरच्या पायरीवर येऊन उभ्या होत्या. आई पोहोचली, दम लागला होता, आणि जे वाक्य माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतलं होतं त्यातलं तिला काहीच म्हणता येईना. ती एवढंच म्हणाली, "तुम्ही होतात." मावशींनी नारळ घेतला, तिथेच पायरीच्या कडेला फोडला, अर्धी वाटी आईच्या हातात दिली.

मावशी नव्वदच्या दशकात मुलीबरोबर इस्रायलला गेल्या. आता ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांच्या मुलीशी माझा फोन होतो, आणि दर वेळी शेवटी मी म्हणतो, "मावशींना माझा नमस्कार सांग." गेल्या महिन्यात तिने निरोप दिला. म्हणाली, आई विचारतेय, हा नमस्कार कोणाच्या हाती पाठवतो?

तालमूदमध्ये बेन झोमा दोन पाहुण्यांबद्दल बोलतो. चांगला पाहुणा म्हणतो, यजमानाने माझ्यासाठी किती कष्ट घेतले, किती मांस, किती मद्य, किती भाकऱ्या माझ्यापुढे ठेवल्या, आणि सगळं माझ्यासाठी! वाईट पाहुणा म्हणतो, मी खाल्ली ती एक भाकरी, एक तुकडा, एक पेला, आणि त्याने केलं ते त्याच्या बायकापोरांसाठीच. खाल्ल्या घरचे वासे मोजणारा तो हाच. आईने अर्धा जीव घेऊन जिना चढला होता. मी मात्र चाळीस वर्षं निरोप पाठवत होतो.

मी त्याच संध्याकाळी व्हिडिओ कॉल लावला. मुलीने फोन मावशींपुढे धरला. केस पांढरेशुभ्र, कानात यंत्र. मी काय बोलायचं ते ठरवून, थोडं घोकूनही ठेवलं होतं. मावशी, तुम्ही मला रोज डब्यात दोन चपात्या आणि बटाट्याची भाजी दिलीत. रात्री पाऊस पडायला लागला की मी घाबरायचो, तुम्ही दिवा चालू ठेवायचात. शुक्रवारी अंधार पडल्यावर तो लावता येत नाही म्हणून त्या रात्री तुम्ही माझ्या अंथरुणाशी बसून राहायचात. माझी वही भिजली तर ती चुलीपाशी वाळवलीत. मलिदा दोन वाट्या दिलात. मावशी, त्या अठरा दिवसांत…

त्यांनी हात वर केला. मला वाटलं, ऐकू येत नसावं, म्हणून मी मोठ्याने पुन्हा म्हटलं, अठरा दिवस.

"अठरा नाही रे," मावशी म्हणाल्या. "एकवीस."